टस्कीगी, त्याआधी आणि त्यानंतर : कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अविश्वास नेमका कुठून येतो?

बहावा

अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक डॉक्टरांवर, लशींवर, संशोधनावर चटकन विश्वास ठेवत नाहीत, असं म्हटलं की पाठोपाठ 'टस्कीगी' हा शब्द येतो आणि विषय संपतो. टस्कीगी या गावाच्या परिसरात सरकारने आजारी माणसांना उपचार न देता एक अभ्यास चालवला. तिथे काय झालं, कसं झालं, ते ४० वर्षं कुणी थांबवलं का नाही, हे मात्र मराठीत सलग वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. आधी घटनाक्रम मांडतो. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

जागा : अलाबामा राज्यातली मेकन काउंटी (म्हणजे जिल्हा), टस्कीगी त्यातच. बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, कापसाच्या शेतात बटाईने राबणारे, कर्जात बुडालेले. १९३०च्या सुमारास एका धर्मादाय निधीच्या पैशातून दक्षिणेतल्या सहा काउंटींमध्ये सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाची तपासणी आणि उपचार सुरू झाले होते. मेकनमध्ये तपासलेल्यांपैकी तिघांत एकाहून अधिक जणांना लागण निघाली. मग महामंदी आली आणि निधी आटला. सरकारी 'पब्लिक हेल्थ सर्व्हिस'मधल्या अधिकाऱ्यांनी त्यावर काढलेला मार्ग असा : उपचाराला पैसे नाहीत, तर उपचार न मिळाल्यावर शरीराचं काय होतं याची नोंद करू. मूळ बेत सहा महिने ते वर्षभराचा होता. सुरू झालं १९३२ मध्ये, थांबलं १९७२ मध्ये.

एकूण ६०० पुरुष. ३९९ जणांना सिफिलिस, २०१ तुलनेसाठी घेतलेले निरोगी. आजाराचं नाव कुणालाच सांगितलं नाही. 'तुमचं रक्त खराब झालंय, आम्ही इलाज करतोय' एवढंच. त्या भागात 'बॅड ब्लड' म्हणजे अशक्तपणापासून अंगदुखीपर्यंत काहीही, त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही. सुरुवातीला थोडा पारा आणि आर्सेनिकयुक्त औषध दिलं, बरं होण्याला पुरणार नाही इतपतच. पुढे ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि लोहाचं टॉनिक. १९३३ मध्ये पाठीतलं पाणी काढून तपासायचं होतं, तर पत्रात लिहिलं की खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे. पाठीत सुई घालणं हा उपचार नव्हता, ती निव्वळ तपासणी होती. पुढे कित्येक दिवस डोकं ठणकत राहिलेल्यांना हे कुणी सांगितलं नाही.

लोक टिकले कसे? युनिस रिव्हर्स नावाची कृष्णवर्णीय परिचारिका गाडीतून घरोघर जाऊन त्यांना आणायची. तपासणीच्या दिवशी गरम जेवण मिळायचं. मेल्यावर अंत्यसंस्काराला पैसे, आणि त्या बदल्यात शवविच्छेदनाला घरच्यांची सही. ज्याच्याकडे पुरण्यापुरते पैसे नाहीत त्याच्यासाठी हे आमिष लहान नव्हतं. १९५८ मध्ये प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि २५ डॉलर मिळाले, वर्षाला एक डॉलर या हिशोबाने.

आता सर्वांत गंभीर भाग. १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झालं होतं. युद्धकाळात सैन्यभरतीच्या मंडळाने यांच्यापैकी काहींना उपचार घ्यायला सांगितलं, तेव्हा आरोग्यखात्याने नावांची यादी देऊन त्यांना वगळायला लावलं. स्थानिक डॉक्टरांकडेही यादी होती. म्हणजे 'उपचार दिला नाही' एवढं म्हणून भागत नाही. मिळत असलेला उपचार अडवला गेला. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, अमेरिकन न्यायाधीश न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावत होते आणि 'माणसाची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक' असं लिहून ठेवत होते.

कातळशिल्प

मांडणी नेमकी आहे. दोन गैरसमज मात्र इथेच खोडून टाकायला हवेत, कारण ते सगळीकडे फिरतात.

पहिला : 'सरकारने या माणसांना सिफिलिस टोचला.' नाही. त्यांना आजार आधीच होता, तोही जुना. मुद्दाम लागण करण्याचे प्रयोग झाले ते ग्वाटेमालात, १९४६ ते १९४८. तिथे कैदी, सैनिक आणि मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर याच पब्लिक हेल्थ सर्व्हिसने प्रयोग केले. ते चालवणारा जॉन कटलर पुढे टस्कीगीतही होता. ही कागदपत्रं इतिहासकार सुसान रेव्हर्बी यांना सापडली आणि २०१० मध्ये अमेरिकेने माफी मागितली. लोकांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी एक झाल्या आहेत. कुणी 'टोचला' म्हटलं तर त्याला अडाणी ठरवू नका. त्याच खात्याने, त्याच माणसाच्या हातून दुसऱ्या देशात ते खरंच केलं होतं.

दुसरा : 'हे गुप्त होतं.' तेही नाही. १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत यावर निबंध छापून येत होते आणि शीर्षकातच 'उपचार न केलेला सिफिलिस' असं लिहिलेलं असायचं. हजारो डॉक्टरांनी ते वाचले असणार. १९६५ मध्ये आयर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टरने निबंध वाचून निषेधाचं पत्र पाठवलं, त्याला उत्तरच दिलं नाही. पीटर बक्स्टन हा सॅन फ्रान्सिस्कोत गुप्तरोगांच्या रुग्णांच्या मुलाखती घेणारा कर्मचारी. त्याने १९६६ आणि १९६८ मध्ये वरिष्ठांना लिहिलं. त्यामुळे १९६९ मध्ये समिती बसली आणि तिने ठरवलं : चालू ठेवा. शेवटी बक्स्टनने कागद पत्रकारांकडे दिले आणि जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांची बातमी आली.

गुप्त कट असता तर चार दुष्ट माणसांवर बोट ठेवून मोकळं होता आलं असतं. इथे निबंध छापले गेले, निधी मंजूर झाला, समितीने शिक्का मारला. अविश्वास डॉक्टर नावाच्या एका माणसावर नसून शिक्का मारणाऱ्या यंत्रणेवर का आहे, ते इथे कळतं.

पुढचा हिशोबही लिहून ठेवतो. वकील फ्रेड ग्रे यांच्या दाव्यात १९७४ मध्ये सुमारे १ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हयात असलेल्या बाधित पुरुषाला ३७,५०० डॉलर, मेलेल्याच्या वारसांना १५,०००. तुलना गटातल्या हयात माणसाला १६,०००, त्याच्या वारसांना ५,०००. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १६ मे १९९७ रोजी. तोवर आठच जण जिवंत होते.

भीमाकाठ

टस्कीगीपासून सुरुवात केली की असं वाटतं, १९७२ च्या आधी विश्वास होता आणि बातमीने तो गेला. तसं नव्हतं. आज्या-पणज्यांकडून आलेली भीती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

जे. मॅरियन सिम्स, 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक'. अलाबामातल्याच माँटगोमेरीत १८४५ ते १८४९ दरम्यान त्याने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. अवघड बाळंतपणात मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते, तो हा आजार. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही तीन नावं आपल्यापर्यंत पोचली आहेत, बाकीच्यांची नाहीत. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता. ईथरने भूल देण्याचं प्रात्यक्षिक १८४६ मध्ये झालं होतं, पण ते त्याने या स्त्रियांसाठी वापरलं नाही. टाके आधी पिकायचे आणि सुटायचे, शेवटी चांदीच्या तारेने जमले. संमती मालकाची. त्या बाईला 'नको' म्हणण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, त्यामुळे तिच्या 'हो'ला काय किंमत? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवला.

मेल्यावरही सुटका नव्हती. जॉर्जियातल्या ऑगस्टा इथल्या मेडिकल कॉलेजने १८५२ मध्ये ग्रँडिसन हॅरिस नावाचा गुलाम विकत घेतला. त्याचं काम होतं कृष्णवर्णीयांच्या कबरस्तानातून ताजी प्रेतं उकरून विच्छेदनासाठी आणणं. १९८९ मध्ये जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत तळघराखाली हजारो हाडं सापडली, त्यातली बहुतांश कृष्णवर्णीयांची. 'रात्रीचे डॉक्टर येतात आणि माणसं उचलून नेतात' अशा गोष्टी तिथे पोरांना सांगत. शहरी लोक त्याला अंधश्रद्धा म्हणत. त्या गोष्टींच्या मुळाशी काय होतं ते तळघरात निघालं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाबद्दलही आसपासच्या वस्तीत हेच बोललं जाई, आणि हेन्रिएटा लॅक्स तिथेच दाखल झाल्या. १९५१, वय ३१, गर्भाशयमुखाचा कर्करोग, कृष्णवर्णीयांचा वेगळा वॉर्ड. गाठीचा तुकडा न विचारता जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या पेशी मरेचनात, त्यांचं नाव पडलं 'हेला'. पोलिओ लशीच्या चाचणीपासून पुढे जगभर त्या वापरल्या गेल्या, विकल्या गेल्या. कुटुंबाला कळलं १९७३ मध्ये, तेही संशोधक त्यांचं रक्त घ्यायला आले तेव्हा. आपली कर्करोगाची तपासणी चालू आहे असं घरच्यांना वाटलं. संशोधकांना पेशींची ओळख पटवण्यासाठी नमुने हवे होते. २० वर्षांनी पुन्हा तेच, न समजावता सुई.

दीपमाळ

इतिहास निर्विवाद आहे. पण 'इतिहासामुळे अविश्वास' हे विधान मोजून बघितलं गेलंय, आणि उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

एका बाजूला मार्सेला अल्सान आणि मरियान वानामेकर यांचा २०१८ चा अभ्यास. १९७२ च्या बातमीनंतर मेकनच्या जवळ राहणारे आणि त्या माणसांसारखेच असणारे कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरकडे कमी जाऊ लागले, आणि ४५ वर्षांच्या पुरुषाचं अपेक्षित आयुष्य दीड वर्षापर्यंत घटलं, असा त्यांचा अंदाज. १९८० मधल्या गोऱ्या-काळ्या पुरुषांच्या आयुर्मानातल्या फरकाचा जवळपास तिसरा हिस्सा यातून समजावता येतो, असं त्या म्हणतात.

दुसऱ्या बाजूला २००५ मध्ये छापून आलेलं बाल्टिमोरमधलं सर्वेक्षण. तिथे कृष्णवर्णीयांचा अविश्वास गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला, पण टस्कीगीची माहिती असणं आणि अविश्वास असणं यांचा संबंध दिसला नाही. ज्यांनी नावही ऐकलं नव्हतं तेही तितकेच सावध होते.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यांत कमी सांगितली जाते. २००६ मध्ये डेव्हिड वेंडलर आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यास, ७० हजारांवर लोक, असा आढावा घेतला. प्रश्न साधा : वैद्यकीय संशोधनात भाग घ्याल का, असं विचारल्यावर 'हो' कोण म्हणतं? कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यातला फरक नगण्य निघाला. म्हणजे 'ते चाचण्यांत येत नाहीत' यातलं बरंचसं 'त्यांना विचारलंच जात नाही' असं असू शकतं. चाचणीचं केंद्र दूर, वेळ नोकरीच्या तासांत, प्रवासखर्च नाही, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असला की नियमानेच बाद. हे सगळं 'टस्कीगी' या एका शब्दाखाली झाकलं जातं. संस्थेला ते सोयीचंही असतं, कारण दोष भूतकाळावर जातो आणि आजच्या वेळापत्रकाला हात लावावा लागत नाही.

निवडुंग

दीपमाळ यांच्याशी शंभर टक्के सहमत. टस्कीगी न ऐकलेला माणूसही सावध का असतो, त्याची उदाहरणं आजच्या यंत्रांत आणि सूत्रांत आहेत.

मूत्रपिंड घ्या. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढतात. २००९ च्या प्रचलित सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या आकड्याला १.१५९ ने गुणायचं. कारण काय, तर यांचे स्नायू जास्त असतात. आता हिशोब करा. दोन रुग्ण, तेच वय, तेच लिंग, तेच क्रिएटिनिन. गोऱ्याचा आकडा १८ आला. कृष्णवर्णीयाचा १८ × १.१५९, म्हणजे जवळपास २१. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात होते २० किंवा खाली आल्यावर. पहिल्याचं घड्याळ सुरू, दुसऱ्याचं बंद. पाच-पाच वर्षं वाट बघायच्या यादीत हे वर्ष-दीड वर्षाचं नुकसान एका गुणाकाराने होतं, आणि रुग्णाला ते दिसतही नाही, कारण अहवालावर तयार आकडा छापून येतो. २०२१ मध्ये वंश वगळलेलं सूत्र आलं, २०२२ मध्ये यादीसाठी जुनं सूत्र बंद झालं, आणि जानेवारी २०२३ पासून प्रत्येक केंद्राला जुन्या नोंदी काढून प्रतीक्षाकाळ मागे नेऊन दुरुस्त करायला लावलं. हजारो लोकांचा काळ वाढवून मिळाला. माझ्या मते माफीचं हे सर्वांत चांगलं रूप आहे : चूक कुठल्या नोंदीत आहे ते शोधून ती नोंदच बदलणं.

दुसरं, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो आणि किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजन काढतात. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. यंत्राचं प्रमाणीकरण प्रामुख्याने उजळ त्वचेच्या लोकांवर झालं, तर गडद त्वचेवर ते आकडा वाढवून दाखवतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं : यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा घडलं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के. गडद त्वचेवर यंत्र चुकतं हे १९९० मध्येच छापून आलं होतं. कोविडमध्ये 'आकडा चांगला आहे, घरी जा' असं ऐकणारे किती असतील, विचार करा. व्यवहारात काय करायचं : एकाच आकड्यावर निर्णय नको, तासागणिक कल बघायचा, धाप आणि आकडा जुळत नसेल तर धमनीचं रक्त तपासायचं. आणि हे आपल्या सावळ्या रुग्णांनाही लागू आहे.

वेदनेबद्दलही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारलं, तर सुमारे निम्म्यांनी 'काळ्यांची कातडी जाड असते' अशा धाटणीचं किमान एक खोटं विधान खरं किंवा खरं असू शकेल असं मानलं. असं मानणाऱ्यांनी वेदनेचा उपचारही कमी अचूक सुचवला. सिम्सच्या काळात चाललेला समज अजून वर्गात बसलेला आहे.

बहावा

सगळ्यांचे आभार. आता उलट बाजू. विश्वास वाढला, आणि तो मोजला गेला, असं काही आहे का? 'जनजागृती करा' हे उत्तर नको. पत्रकं वाटून काय होतं ते कोविडमध्ये दिसलं.

दीपमाळ

आहे. लॉस एंजेलिसमधला न्हाव्याच्या दुकानांतला प्रयोग, २०१८. ५२ दुकानं, ३१९ कृष्णवर्णीय पुरुष, सगळे नेहमीचे गिऱ्हाईक, वरचा रक्तदाब १४० किंवा जास्त. निम्म्या दुकानांत न्हावी सल्ला द्यायचा आणि डॉक्टरकडे जा म्हणायचा. उरलेल्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसायचा, तिथेच दाब मोजायचा, डॉक्टरांशी आधीच झालेल्या करारानुसार तिथेच औषध लिहून द्यायचा. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनही दुकानातच बोटाच्या थेंबावर. सहा महिन्यांत सल्ला मिळालेल्यांचा दाब सरासरी ९ अंकांनी उतरला, औषधतज्ज्ञ भेटलेल्यांचा २७ ने.

इथे चूक होते ती नक्कल करताना. लोक न्हाव्याचं दुकान उचलतात आणि औषधतज्ज्ञ सोडून देतात. वरच्या आकड्यांत सल्ला देणारी दुकानंही न्हाव्याचीच होती. ओळखीच्या जागेमुळे माणूस ऐकून घेतो. दाब उतरतो तो गोळीने, आणि तीच गोळी दुसऱ्या ठिकाणी रांगेत उभं न राहता मिळाल्याने.

अल्सान यांचाच ओकलंडमधला प्रयोगही बघा. कृष्णवर्णीय पुरुषांना सोडत काढावी तसे कृष्णवर्णीय किंवा इतर डॉक्टर दिले. फक्त फोटो बघून तपासण्या निवडायला सांगितल्या, तेव्हा फरक नव्हता. प्रत्यक्ष बोलणं झाल्यावर कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या रुग्णांत तपासण्या स्वीकारण्याचं प्रमाण १८ टक्के-बिंदूंनी वाढलं, विशेषतः रक्त काढावं लागतं अशा तपासण्यांत. नुसता चेहरा बघून काही झालं नाही, बोलण्यातून झालं. त्याच वेळी युनिस रिव्हर्सही आठवा. ओळखीचा, आपल्यातला माणूस मध्ये ठेवला की विश्वास बसतो, आणि तो कशासाठीही वापरता येतो.

भीमाकाठ

एक धागा आपल्याकडे येतो, तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घरोघर माहीत आहे.

अमेरिकेत ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाने १९७१ च्या सुमारास वस्त्यांत मोफत दवाखाने काढून सिकलसेलची तपासणी सुरू केली. त्यांचंच नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे इथे बहुतेकांना माहीत असेल. त्याच वर्षी अमेरिकेत सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला, आणि त्याच सुमारास अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली : कुठे शाळाप्रवेशासाठी, कुठे लग्नाच्या परवान्यासाठी. गोंधळ झाला तो वाहक आणि रुग्ण यांच्यात. स्वस्त सोल्युबिलिटी चाचणी फक्त 'सिकल हिमोग्लोबिन आहे' एवढं सांगते. एकाच पालकाकडून आलेलं (वाहक) आणि दोघांकडून आलेलं (रुग्ण) वेगळं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली दुसरी चाचणी लागते. पहिल्याच चाचणीवर कागद दिले गेले, आणि ठणठणीत वाहकांना विमा आणि नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. लोकांच्या भल्यासाठी सुरू झालेली तपासणी लोकांच्याच विरोधात गेली.

आपल्याकडे २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि तपासणीनंतर कार्ड दिलं जातं. वाहक मुलीचं लग्न अडण्याची भीती इथेही खरी आहे. म्हणून कार्यकर्त्यांना तीन गोष्टी पाठ हव्यात. दुसऱ्या चाचणीने खात्री झाल्याशिवाय कार्ड नाही. निकाल चावडीवर नव्हे, घरात, त्या माणसालाच. आणि 'वाहक म्हणजे आजारी नाही' हे वाक्य निकालाच्या आधी सांगायचं, नंतर नाही. नंतर कानात काही शिरत नाही.

कातळशिल्प

शेवटी संमतीपत्राबद्दल, कारण टस्कीगीनंतर संशोधनावरचा १९७४ चा कायदा आणि संशोधनातल्या नीतितत्त्वांचा १९७९ चा बेलमाँट अहवाल याच कागदावर येऊन थांबले.

पंधरा-वीस पानांचा कागद सही घेण्यासाठी बनतो आणि संस्थेचा बचाव करतो. समजलं का हे तपासायचं तर 'कळलं ना?' असं विचारू नये, मान डोलावली जाते. 'घरी गेल्यावर बायकोला हे कसं सांगाल?' असं विचारावं आणि ऐकावं. माणूस 'नवीन इलाज मिळणार' म्हणाला तर त्याला ते समजलेलं नाही. त्याला गोळीत औषध नसण्याची शक्यता आहे हे पुन्हा सांगायचं. सही त्याच दिवशी घेऊ नये, कागद घरी न्यायला द्यावा. राहिलेलं रक्त किंवा पेशी पुढे वापरणार का, विकणार का, यासाठी वेगळी ओळ आणि वेगळी सही हवी. लॅक्स कुटुंबाने २०१३ मध्ये हेला पेशींच्या जनुकीय माहितीबाबत हेच मिळवलं : माहिती मागणाऱ्यांचे अर्ज तपासणाऱ्या समितीत त्यांचे प्रतिनिधी बसतात.

भरपाईचा मुद्दा अमेरिकेत अजून कच्चा आहे. संशोधनात इजा झाली तर भरपाई द्यायलाच हवी असा सर्वांना लागू होणारा केंद्रीय कायदा तिथे नाही. भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांत वैद्यकीय उपचार आणि भरपाई दोन्ही आहेत, आणि दुर्बल गटांतल्या व्यक्तींची नव्या रेणूच्या (म्हणजे अगदी नव्या औषधी रसायनाच्या) चाचणीसाठी संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रणही सक्तीचं आहे. अंमलबजावणी कशी होते तो वेगळा विषय, पण नियम आहे, आणि तो मागता येतो.

आणि कागदावर चाचणी घेणाऱ्याचा नंबर असतोच, चाचणीवर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीचा नंबर वेगळा, मोठ्या अक्षरात, सही करणाऱ्याच्या भाषेत हवा. त्याने कागदाची प्रत मागून घ्यावी, तो नंबर उचलला जातो का हे घरून एकदा लावून बघावं, आणि मगच सही करायला परत यावं.